माहितीचे प्रतिरूपण व राखीव प्रती

माहितीचे प्रतिरूपण व राखीव प्रती : बँका, रोखेबाजार, वाहतूक, उद्योगधंदे, शासन इत्यादींचे कामकाज ज्या नोंदींवर चालते त्या यंत्रबिघाड, आग, पूर, मानवी चूक वा घातपात यांमुळे नष्ट झाल्या, तरी कामकाज अखंड चालू राहावे किंवा थोड्या अवधीत पुन्हा सुरू करता यावे, यासाठी त्या नोंदींच्या एकाहून अधिक प्रती बाळगण्याची पद्धती. तिची दोन अंगे आहेत. मूळ माहितीत होणारा प्रत्येक बदल दुसऱ्या यंत्रावरील वा दुसऱ्या गावातील प्रतीत लगोलग उतरविला जातो, तेव्हा त्यास ‘प्रतिरूपण’ म्हणतात. विशिष्ट क्षणी माहिती जशी होती तशी तिची नक्कल काढून ती मूळ यंत्रणेपासून वेगळी ठेवली जाते, तेव्हा तिला ‘राखीव प्रत’ म्हणतात. व्यवहारात बॅकअप हा शब्द रूढ आहे. प्रतिरूपणाचा हेतू कामकाजातील खंड टाळणे हा, तर राखीव प्रतीचा हेतू मागे परत जाता येणे हा असतो. या दोन हेतूंची गल्लत हे या क्षेत्रातील अनेक मोठ्या नुकसानींचे कारण ठरले आहे.

अशा व्यवस्थेची गुणवत्ता दोन मापांनी ठरवितात. संकट ओढवल्यास किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल, हे पहिले माप होय. काम पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागला तर चालेल, हे दुसरे. रोज रात्री एकदा प्रत काढणाऱ्या संस्थेच्या बाबतीत पहिले माप सुमारे २४ तासांचे असते. रोखेबाजार वा बँक यांना ते शून्याच्या जवळ आणावे लागते. दोन्ही मापे जितकी लहान करावीत, तितका खर्च वाढत जातो. म्हणून कोणती माहिती किती मोलाची हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो, तो प्रशासकीय व आर्थिकही असतो.

कागदी नोंदींचा काळ : महत्त्वाच्या लेखाच्या दोन प्रती करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५९८ पासून प्रत्येक पॅरिशमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवहीची नक्कल दरवर्षी बिशपच्या कचेरीत पाठविण्याचा नियम लागू झाला. मूळ वह्या जेथे गहाळ झाल्या, तेथे या नकलांवरूनच पुढे वंशावळी लावता आल्या. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानातील ठाणी लंडनला जाणाऱ्या पत्रांच्या दोन वा अधिक प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी रवाना करीत; एक जहाज बुडाले, तरी दुसरे पोचेल हा त्यामागील हिशेब होता. मुंबई इलाख्याच्या कामकाजाच्या नोंदींच्या नकलाही लंडनला जात. त्यामुळे त्या काळाच्या अभ्यासकास मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातील दप्तराबरोबरच लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीतील संग्रहाचाही आधार मिळतो.

नकला हाताने करणे वेळखाऊ होते. वाफेच्या एंजिनातील सुधारणांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट याने १७८० मध्ये पत्रांची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ओल्या पातळ कागदावर मूळ पत्राची शाई दाबाने उमटविणे, हे त्याचे तत्त्व. १८०६ मध्ये रॅल्फ वेजवुड याने कार्बन कागदाचे पेटंट घेतले. टंकलेखनयंत्राच्या प्रसारानंतर कार्बन प्रत ही प्रत्येक कचेरीतील नित्याची बाब झाली. १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील बँक-व्यावसायिक जॉर्ज मॅकार्थी याने धनादेशांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेणारे यंत्र तयार केले. ते ईस्टमन कोडॅक कंपनीने घेऊन १९२८ पासून ‘रेकॉर्डॅक’ या नावाने बाजारात आणले. मोठ्या प्रमाणावर, कमी जागेत व थोड्या खर्चात व्यापारी नोंदींच्या दुय्यम प्रती ठेवण्याची ही पहिली यांत्रिक सोय म्हणता येईल.

दुसरी प्रत नसल्यास काय होते, याची दोन उदाहरणे नमूद करण्यासारखी आहेत. आयर्लंडमधील यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिन येथील सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्फोटात व आगीत नष्ट झाले आणि कित्येक शतकांची कागदपत्रे जळून गेली. पुढे शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, इतर संग्रहांत विखुरलेल्या नकला व उतारे एकत्र करून त्या दप्तराचा काही भाग संगणकीय रूपात पुन्हा उभा करण्यात आला. दुसरे उदाहरण अमेरिकेतील सेंट लुइस येथील. तेथील लष्करी सेवा-नोंदींच्या केंद्रास १२ जुलै १९७३ रोजी आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवापुस्तिका जळाल्या. त्यांच्या दुय्यम प्रती वा सूक्ष्मपट काढलेले नव्हते आणि जळालेल्या कागदांची सूचीही नव्हती. निवृत्तिवेतन, वैद्यकीय साहाय्य किंवा दफनाचा लष्करी मान यांसाठी अर्ज करणाऱ्या माजी सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या सेवेचे पुरावे तेव्हापासून वेतनपत्रके व अन्य कागदपत्रांवरून गोळा करावे लागत आहेत. नोंद गेली म्हणजे केवळ कागद जातो असे नव्हे. त्या नोंदीवर उभा असलेला माणसाचा हक्कही डळमळतो, हे या घटनेने दाखविले.

चुंबकीय फीत व तबकडी : १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागास मिळालेल्या ‘युनिव्हॅक’ संगणकात माहिती साठविण्यासाठी धातूची चुंबकीय फीत वापरली होती. १९५२ मध्ये आयबीएम कंपनीने प्लॅस्टिकच्या फितीवर चालणारे ‘७२६’ हे यंत्र आणले. फितीवरील काम पाळीपाळीने चाले : कालच्या शिल्लकेची फीत आणि आजच्या व्यवहारांची फीत एकत्र वाचून नव्या शिल्लकेची तिसरी फीत लिहिली जाई. या रीतीत जुनी फीत आपोआप शिल्लक राही. नवी फीत खराब निघाली, तर जुनी फीत व त्या दिवसाचे व्यवहार घेऊन ती पुन्हा तयार करता येई. म्हणून लागोपाठच्या तीन पिढ्यांच्या फिती जपून ठेवण्याचा प्रघात पडला आणि त्यास ‘आजोबा–बाप–मुलगा’ असे नाव मिळाले. यांपैकी एक पिढी दुसऱ्या इमारतीत ठेवणे हा सुज्ञ व्यवस्थापकाचा नियम असे.

१९५६ मध्ये आयबीएमच्या ‘रॅमॅक’ या संगणकाबरोबर चुंबकीय तबकड्यांची साठवण आली. सुमारे ६० सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे राहत. तिच्यामुळे हवी ती नोंद थेट काढता येऊ लागली व ग्राहकास लागलीच उत्तर देणे शक्य झाले. मात्र या सोयीबरोबर एक धोकाही आला. तबकडीवर नवी शिल्लक जुन्या शिल्लकेच्या जागीच लिहिली जाते व जुनी पुसली जाते. फितीच्या काळात कामाच्या ओघात मिळणारी राखीव प्रत आता मुद्दाम काढावी लागू लागली. मुद्दाम करावयाचे काम विसरले जाऊ शकते, टाळले जाऊ शकते व झाले असे गृहीत धरले जाऊ शकते. या क्षेत्राचा पुढील बराच इतिहास या तीन शक्यतांशी निगडित आहे.

जोडयंत्रे : संगणक बंद पडणेच परवडणार नाही, अशी पहिली मोठी गरज संरक्षणखात्याची होती. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत (१९५८ पासून) प्रत्येक केंद्रात दोन संगणक असत. एक काम करी व दुसरा सज्ज राही. हीच कल्पना व्यापारी क्षेत्रात अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी मिळून उभारलेल्या ‘सेबर’ या विमान-आरक्षण यंत्रणेत आली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे तिच्यासाठी दोन ‘७०९०’ संगणक बसविले होते व १९६४ पर्यंत सर्व आरक्षण तीवर आले. जागा विकली गेली आहे की नाही, हे ज्या क्षणी कळेनासे होते त्या क्षणी विमान कंपनीचा धंदा थांबतो. म्हणून दुसऱ्या संगणकाचा प्रचंड खर्च तिने पत्करला.

१९७४ मध्ये जेम्स ट्रेबिग याने स्थापन केलेल्या टँडेम कंपनीने बंद न पडणारा संगणक हीच विक्रीची वस्तू केली. तिचा पहिला संगणक १९७६ मध्ये सिटीबँकेस मिळाला. त्यात प्रक्रियक, विद्युत् पुरवठा व जोडमार्ग हे सर्व दुहेरी असून प्रत्येक तबकडीची आरशातील प्रतिबिंबासारखी दुसरी तबकडी ठेवता येई. प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन्हींवर लिहिली जाई. एक तबकडी निकामी झाल्यास काम न थांबविता ती बदलता येत असे.

याच कंपनीत असताना जिम ग्रे याने ग्राहकांकडील बंद पडलेल्या यंत्रणांच्या नोंदी तपासून १९८५ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यात आढळले, की यंत्रभागांच्या बिघाडामुळे झालेले खोळंबे एकूण खोळंब्यांच्या एक पंचमांशाहूनही कमी होते. सर्वांत मोठा वाटा यंत्रणा चालविणाऱ्या माणसांच्या चुकांचा व त्याखालोखाल कार्यक्रमांतील दोषांचा होता. यंत्रे दुहेरी करून हा वाटा कमी होत नाही. कारण चुकीची आज्ञा दोन्ही यंत्रे सारख्याच निष्ठेने पाळतात.

रोजकीर्द व खतावणी : दुहेरी यंत्रांपेक्षाही पायाभूत प्रश्न असा होता, की व्यवहार अर्धवट असताना वीज गेली तर काय करावे? एका खात्यातून रक्कम वजा झाली व दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच यंत्र थांबले, तर हिशेब कायमचा चुकतो. १९७० नंतरच्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात जिम ग्रे व त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उत्तर शोधले. प्रत्येक बदल मुख्य नोंदीत करण्यापूर्वी तो एका क्रमवार नोंदवहीत लिहावा. व्यवहार पुरा झाला तरच तो ग्राह्य धरावा, अन्यथा नोंदवहीच्या आधारे तो पूर्णपणे मागे घ्यावा, असे हे तत्त्व आहे. देशी हिशेबपद्धतीतील रोजकीर्द व खतावणी यांच्या संबंधाशी याचे साम्य आहे. खतावणी हरवली, तरी रोजकीर्द शाबूत असल्यास खतावणी पुन्हा मांडता येते. रोजकीर्दच गेली, तर मात्र इलाज राहत नाही. सी. मोहन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एरिज’ ही कार्यपद्धती या तत्त्वाचे सविस्तर रूप असून अनेक माहितीकोश-यंत्रणांनी ती स्वीकारली. ग्रे यास १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले. दूरच्या प्रतीस पाठविण्याची माहितीही पुष्कळदा हीच नोंदवही असते. मुख्य केंद्रातील रोजकीर्द जशी लिहिली जाते, तशी ती दुसऱ्या गावी पोचते व तेथील खतावणी तीवरून अद्ययावत होते.

स्वस्त तबकड्यांचा समूह : प्रत्येक तबकडीस जोडीदार देणे म्हणजे साठवणीचा खर्च दुप्पट करणे. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्क्ली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी काट्झ यांनी अनेक स्वस्त, लहान तबकड्या एकत्र वापरण्याच्या रचनांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्या रचना ‘रेड’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी एका प्रकारात चार तबकड्यांवर माहिती असेल, तर पाचवीवर त्या चारींच्या एकाच स्थानावरील अंकांत एकांची संख्या सम आहे की विषम, एवढेच लिहितात. चारींपैकी कोणतीही एक गेली, तरी उरलेल्या तीन व पाचवी यांवरून तिचा प्रत्येक अंक काढता येतो. अशा रीतीने दुप्पट खर्चाऐवजी एक चतुर्थांश जादा खर्चात एका तबकडीच्या बिघाडापासून संरक्षण मिळते. मात्र सर्व तबकड्या एकाच पेटीत असल्याने आग, पूर वा चुकीने दिलेली पुसण्याची आज्ञा यांपासून ही रचना कोणतेही संरक्षण देत नाही.

दूरस्थ प्रतिरूपण : १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे, अनेक कंपन्यांनी वर्गणी देऊन संकटकाळी वापरावयाचे सामाईक संगणक केंद्र ठेवण्याचा व्यवसाय सुरू झाला. संकट आल्यावर कर्मचारी राखीव फिती घेऊन तेथे जात व काम पुन्हा सुरू करीत. यास एक-दोन दिवस सहज लागत. १९९४ मध्ये ईएमसी कंपनीने एका साठवण-यंत्रातील बदल संगणकाच्या मदतीवाचून थेट दूरच्या दुसऱ्या साठवण-यंत्रात उतरविणारी योजना बाजारात आणली. त्यानंतर दोन केंद्रांतील माहिती सतत एकरूप ठेवणे मोठ्या संस्थांच्या आवाक्यात आले.

येथे निसर्गाची एक मर्यादा आडवी येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो. दुसरे केंद्र १०० किमी. वर असेल, तर संदेश जाऊन पोच येण्यास निदान १ सहस्रांश सेकंद लागतो. मुंबई व चेन्नई यांसारख्या, सरळ रेषेत सुमारे १,००० किमी. अंतरावरील शहरांत हाच काळ निदान १० सहस्रांश सेकंद होतो. समकालिक प्रतिरूपणात दुसऱ्या केंद्राची पोच आल्याशिवाय व्यवहार पुरा धरीत नाहीत. त्यात काहीही गमावले जात नाही, पण प्रत्येक व्यवहार तेवढा वेळ खोळंबतो. असमकालिक प्रतिरूपणात पोचेची वाट पाहत नाहीत. वेग राहतो, पण मुख्य केंद्र अचानक नष्ट झाल्यास वाटेत असलेल्या शेवटच्या काही नोंदी जातात. जवळचे केंद्र एकाच पुरात वा भूकंपात मुख्य केंद्राबरोबर सापडू शकते आणि दूरचे केंद्र पूर्णपणे अद्ययावत ठेवता येत नाही. या पेचावर तीन केंद्रांची रचना हा सर्वमान्य तोडगा आहे : मुख्य केंद्र, जवळचे समकालिक केंद्र व दूरचे असमकालिक केंद्र.

दोन केंद्रांतील दुवा तुटला, तर दोहोंनाही आपणच प्रमुख आहोत असे वाटून दोन वेगळे हिशेब सुरू होण्याचा धोका असतो. अनेक यंत्रांनी घटनांचा एकच क्रम कसा मानावा, याचा पाया लेस्ली लॅम्पोर्ट याने १९७८ च्या निबंधात घातला. त्याची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पॅक्सॉस’ ही रीत बहुमतावर चालते. पाचपैकी तीन यंत्रांनी मान्य केलेली नोंद दोन यंत्रे गेली तरी टिकते. एरिक ब्रूअर याने २००० मध्ये मांडलेला व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत असे सांगतो, की दुवा तुटलेला असताना प्रत्येक चालू यंत्राने उत्तर देणे आणि ते सर्वत्र सुसंगत असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत. म्हणून अशा वेळी सेवा थांबवावी की थोडी विसंगती सोसावी, हे संस्थेने आधीच ठरवावे लागते. बँकेतील शिल्लकेसाठी पहिला मार्ग उचित ठरतो, तर दुकानातील खरेदीच्या यादीसाठी दुसरा चालू शकतो.

न्यूयॉर्कमधील धडा : ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांवर झालेल्या हल्ल्यात मनुष्यहानीबरोबर अनेक वित्तसंस्थांची कार्यालये नष्ट झाली. न्यूयॉर्कचा रोखेबाजार १७ सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. १९९३ मध्ये याच इमारतीत झालेल्या स्फोटानंतर काही संस्थांनी पर्यायी केंद्रे उभारली होती. त्यांतील ज्यांची केंद्रे शहराबाहेर होती, त्यांची माहिती वाचली. ज्यांचे मुख्य व पर्यायी केंद्र एकाच परिसरात होते, त्यांना दोन्हींपर्यंत पोचता येईना. कारण वीज, दूरध्वनी व रस्ते हे सर्व एकदमच बंद झाले होते. शिवाय माहिती सुरक्षित असली, तरी ती वापरणारी माणसे गमावल्यास संस्था चालत नाही, हेही कटुपणे दिसून आले. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या नियामक संस्थांनी काढलेल्या संयुक्त मार्गदर्शनपत्रात मोठ्या वित्तसंस्थांची पर्यायी केंद्रे मुख्य केंद्राच्या वीज, पाणी, दळणवळण व मनुष्यबळ यांवर अवलंबून असू नयेत, असे प्रतिपादिले आहे.

भारतातील स्थिती : मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ पासून पडद्यावरील खरेदी-विक्री सुरू झाली. प्रत्यक्ष जमून बोली लावण्याची रीत मागे पडल्यावर संगणक थांबला की बाजार थांबणार, हे ओघानेच आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, अशा शहरात दोन्ही केंद्रे ठेवणे पुरेसे नाही, हे सहज ध्यानात येते. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या (सेबीच्या) नियमांनुसार बाजारांना मुख्य केंद्राबरोबर वेगळ्या भूकंपक्षेत्रात संकट-निवारण केंद्र आणि एकही नोंद गमावली जाऊ नये म्हणून एक जवळचे केंद्र ठेवावे लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराचे दूरचे केंद्र चेन्नई येथे आहे.

तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११·४० वाजता या बाजारातील व्यवहार थांबले व ते दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू होऊन ५ वाजेपर्यंत चालू ठेवावे लागले. बाजाराने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दूरसंचार दुव्यांतील अस्थिरतेनंतर साठवण-यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि समाशोधन संस्थेची जोखीम-नियंत्रण यंत्रणा अनुपलब्ध झाली. चेन्नईचे केंद्र असूनही काम तेथे हलविले गेले नाही. प्रती होत्या, पण त्यांवर जाण्याचा निर्णय झाला नाही. पुढील महिन्यात सेबीने काढलेल्या परिपत्रकात बिघाडानंतर ३० मिनिटांत संकट घोषित करावे व त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करावे, असे बंधन घातले. २ मार्च व १८ मे २०२४ या दोन शनिवारी मुंबईच्या दोन्ही बाजारांनी विशेष सत्र भरवून, खऱ्या व्यवहारांच्या मध्येच काम मुख्य केंद्रावरून संकट-निवारण केंद्रावर नेऊन दाखविले. ग्राहकांच्या खऱ्या पैशांनिशी उघडपणे घेतलेली अशी चाचणी ही या क्षेत्रातील लक्षणीय घटना होय.

चुकीचे प्रतिरूपण : प्रतिरूपण जितके जलद, तितकी चूकही जलद पसरते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विघातक कार्यक्रमाने डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्याचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीतील वापरकर्त्यांची ओळख व अधिकार सांभाळणारे संगणक परस्परांच्या प्रती होते. एक गेला तर दुसरा आहे, हा त्यामागील विश्वास होता. हल्ल्यात ते सर्व एकदमच पुसले गेले. घाना येथील एक संगणक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्या आधारे कंपनीने सुमारे १० दिवसांत ४,००० सेवासंगणक व ४५,००० वैयक्तिक संगणक पुन्हा उभे केले. जाळ्याबाहेर असलेली एक प्रत जाळ्यातील सर्व प्रतींना भारी पडली. मात्र ती बाहेर असणे ही योजना नव्हती, योगायोग होता.

याच वर्षी ३१ जानेवारीस गिटलॅब या सेवेत, अनुगामी प्रत दुरुस्त करीत असलेल्या कर्मचाऱ्याकडून चुकून प्रमुख माहितीकोशातील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली. राखीव प्रतींच्या अनेक योजना कागदावर होत्या. पण एक योजना आवृत्तींच्या विसंगतीमुळे कित्येक दिवस मूकपणे अयशस्वी होत होती आणि तिच्या इशाऱ्याचे संदेश कोणासही पोचत नव्हते. अखेर अन्य कामासाठी सुमारे सहा तास आधी काढलेली नक्कल उपयोगी पडली. सेवेने ही हकिकत स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केली. तिचे मोल त्या प्रांजळपणात आहे.

खंडणीसाठी माहिती कुलुपबंद करणाऱ्या टोळ्या आता प्रथम राखीव प्रतींचाच शोध घेतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व एक प्रत अन्य ठिकाणी, या छायाचित्रकार पीटर क्रो याने लोकप्रिय केलेल्या नियमास, ‘एक प्रत जाळ्याबाहेर किंवा न पुसता येणारी’ अशी जोड देण्यात येते. जुनी समजली गेलेली चुंबकीय फीत याच गुणामुळे टिकून आहे : कपाटात ठेवलेल्या फितीस दूरवरून आज्ञा देता येत नाही.

अलीकडील हानी : माहिती दूरच्या सेवादाराकडे ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा समज रूढ होत असतानाच १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक माहितीकेंद्र आगीत नष्ट झाले. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच परिसरात होत्या, त्यांपैकी काहींनी सर्वस्व गमावले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील तेजॉन येथे शासकीय माहितीकेंद्रात लिथियम घटमाला हलविताना आग लागली आणि ७०९ शासकीय यंत्रणा बंद पडल्या. त्यांत शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाचे दस्तऐवज ठेवणारी ८५८ टेराबाइटची सामाईक साठवण पूर्णपणे जळाली. आकार फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. सेंट लुइसच्या आगीनंतर बावन्न वर्षांनी, अतिप्रगत देशात, तीच उणीव पुन्हा प्रकट झाली.

मूल्यमापन : सात दशकांत साठवणीचे माध्यम, वेग व आकारमान यांत आमूलाग्र बदल झाला असला, तरी हानीची कारणे फारशी बदललेली नाहीत. प्रती एकाच ठिकाणी असणे, सर्व प्रती एकाच आज्ञेच्या टप्प्यात असणे, प्रत निघते आहे असे गृहीत धरणे आणि प्रसंगी तिच्यावर जाण्याचा निर्णय न होणे, ही ती कारणे होत. यांपैकी पहिल्या दोहोंवर तंत्रविद्येत उपाय आहेत. उरलेल्या दोहोंवर नियमित सराव हाच उपाय आहे. प्रत काढल्याची नोंद म्हणजे प्रत असल्याचा पुरावा नव्हे; तीवरून माहिती परत उभी करून पाहिली, म्हणजेच ती प्रत ठरते. ठेवीदाराची शिल्लक, कामगाराचे वेतन, रुग्णाचा इतिहास व नागरिकाचा हक्क आता मुख्यतः अशा नोंदींतच वसत असल्याने, ही चाचणी घेणे हे केवळ संगणक विभागाचे काम न राहता संस्था चालविणाऱ्यांचे विश्वस्त म्हणून कर्तव्य ठरते.